लॉट नंबर अठ्ठावन्न

जी गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही, घरी हिलासुद्धा नाही, ती आज सांगून टाकतो. पण ती कळायची तर आधी माझे साडू कळायला हवेत, आणि ते एका बैठकीत कळणारे गृहस्थ नव्हेत. साऱ्या कतारमध्ये त्यांच्याइतका संशयी माणूस झाला नसेल. माणसांवर मात्र त्यांचा काडीचा संशय नव्हता. अनोळखी माणसाच्या हातात ते गाडीची किल्ली देतील. पण बॅच नंबर वाचल्याशिवाय बिस्किटाचा पुडा उंबरठ्याच्या आत घेणार नाहीत.

अल खोरला राहायचे आणि गॅसच्या प्लांटमध्ये तपासणीचं काम करायचे. दिवसभर पाइपांवर संशय घेऊन मन भरत नसावं, म्हणून सुट्टीच्या दिवशी सुपरमार्केटात चहाच्या पुड्यांची मागची बाजू वाचत उभे राहायचे. एका बॅचचा चहा जमला की त्या नंबरचे सगळे पुडे गाडीत. नाशिकहून येणारे पापडसुद्धा एकाच दिवशी लाटलेले लागत. जेवतानाही पहिले दोन घास ते हिशेबात धरत नसत. जीभ रुळायला हवी म्हणे. माझी मेव्हणी, म्हणजे हिची थोरली बहीण, आम्ही तिला ताई म्हणतो, आमटी कशी झालीय विचारायची आणि हे बोट वर करून थांबायला सांगायचे. मत तिसऱ्या घासाला. लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी ताईंनी ते बोट सहन केलं, याचं मला अजून नवल वाटतं.

अशा माणसाला पन्नाशीत नेमबाजीचा नाद लागला. छोट्या काडतुसांची रायफल, पन्नास मीटरवर कागद, पालथं पडून साठ गोळ्या. ही काडतुसं घरी भरता येत नाहीत, कारखान्यानं दिली तीच वापरायची. झालं, साडूंना आयुष्याचा विषय मिळाला. ते मला समजावून सांगत, ‘‘अहो, तुमच्या ताईंच्या चकलीचं बघा. पीठ तेच, तेल तेच, पण पहिला घाणा आणि तिसरा घाणा सारखा असतो का? काडतुसांचंही तसंच. खोकं सारखं, नाव सारखं, पण लॉट निराळा. आणि कुठला लॉट आपल्या रायफलीला मानवेल, ते फक्त रायफलीलाच माहीत.’’

क्लबात वार्षिक स्पर्धा होती. सहा महिन्यांत त्यांचं कंत्राट संपणार होतं, तेव्हा त्यांच्यासाठी ती शेवटची. क्लबाकडे एकाच काडतुसाचे चार लॉट आले होते: एकेचाळीस, बेचाळीस, अठ्ठावन्न आणि त्र्याहत्तर. त्यांनी परीक्षा ठेवली. एरवी काडतुसाचाच संशय घेणाऱ्या साडूंना या वेळी स्वतःचाही आला. नंबर माहीत असला तर मन फितूर होतं म्हणाले. मग पंच म्हणून मला निवडलं, कारण मी कमी बोलतो. शुक्रवारी सकाळी नेमबाजीची रेंज वाटेत मागे टाकून ते मला न्यायला दोह्यात अल मुंतझाला माझ्या घरापर्यंत आले, आणि आम्ही दोघं उलटे रेंजवर गेलो. मागच्या सीटवर ताईंच्या मसाल्याच्या डब्यातल्या चार वाट्या होत्या. त्यांना चिकटपट्टीवर अ, ब, क, ड लिहून लावलं होतं. कुठला लॉट कुठल्या वाटीत ते मी एका चिठ्ठीवर टिपायचं आणि खोकी फेकून द्यायची.

‘‘अशी सरमिसळ करा,’’ साडू म्हणाले, ‘‘की तुम्हालासुद्धा आठवता कामा नये. आठवलं पाहिजे फक्त चिठ्ठीला.’’

मी आज्ञाधारक माणूस आहे. अगदी तशीच सरमिसळ केली. मग साडू पालथे पडले. प्रत्येक वाटीतल्या पहिल्या दहा गोळ्या नुसत्या नळी रुळण्यासाठी, पुढच्या मोजायच्या. काडतुसांना हिंगाचा वास येत होता. मी मागे करक, म्हणजे इथला कडक दुधाळ चहा, पीत बसलो. कागदी पेला चटके देत होता, म्हणून खिशातलं काहीतरी काढून त्याची घडी पेल्याभोवती धरली. चहा संपला. पेला टाकला. घडीही टाकली.

ती घडी म्हणजे चिठ्ठी होती हे लक्षात आलं तेव्हा सफाईवाला कचऱ्याची पिशवी घेऊन गेलेला. खलास.

त्याच वेळी सांगायला हवं होतं. पण साडू घामानं निथळत, आनंदानं कागद गुंडाळत होते. पुढचा आठवडाभर त्यांनी व्हर्नियरनं भोकांचे पुंजके मोजले आणि शुक्रवारी सगळ्यांना जेवायला बोलावलं. पानावर बसल्यावर बारशाचं नाव जाहीर करावं तसं म्हणाले, ‘‘क! आता सांगा, क म्हणजे कोण?’’

ताईंचा हात वाढताना थांबला. हीसुद्धा माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणालो, ‘‘अठ्ठावन्न.’’ का? तोंडाला आलं म्हणून.

क्लबातली अठ्ठावन्नची सगळी खोकी त्यांनी स्वतःच्या नावानं राखून ठेवली.

स्पर्धेत तीन गोळ्या भलतीकडेच गेल्या. पूर्वी प्रत्येक हुकलेल्या गोळीमागे साडूंकडे वारा असायचा, ऊन असायचं, काडतूस तर असायचंच. त्या दिवशी मी त्यांच्या तोंडून कारण ऐकायला अगदी आसुसलो होतो. ते उठले, कोपरं झटकली आणि शांतपणे म्हणाले, ‘‘काडतूस पारखून घेतलेलं होतं, साडू. हात गेला माझा.’’

मग डोळे तपासून झाले, रक्त तपासून झालं. कशात काही निघालं नाही, त्यामुळे त्यांची खात्रीच पटली. रायफल क्लबाला देऊन ते नाशिकला परतले. चारांत एक शक्यता आहे, की मी बरोबर बोललो असेन. बाकीच्या तीन शक्यता घेऊन मी दोन वर्षं झोपतो आहे.

मागच्या शुक्रवारी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. कुकरची रिंग कुठल्या बॅचची घ्यावी यावर वीस मिनिटं बोलले, तेव्हा बरं वाटलं. मध्येच ताईंनी चहा आणून दिला. साडूंनी कप दोन्ही हातांनी धरला. पूर्वी ते भरलेला कप एका बोटावर अडकवून जिना चढायचे. निरोप घेताना म्हणाले, ‘‘ती चिठ्ठी ठेवलीय ना हो जपून? आठवण म्हणून फ्रेम करीन म्हणतो.’’

मी हो म्हणालो.

चिठ्ठी हरवली होती आणि अठ्ठावन्न मी मनानं सांगितलं. एवढं सांगण्याचं देणं मी त्यांना लागतो, आणि ते अजून दिलेलं नाही.