मोजणीला येतो

पडवीत पाऊल टाकलं तेव्हा अण्णा बाकावर बसले होते. अंगात इस्त्रीचा सदरा आणि मांडीवर नाडी बांधलेली जुनी, फुगलेली फाइल. माझ्या खांद्याला लॅपटॉपची बॅग होती आणि हातात तीन पायांचा स्टँड. अण्णांनी आधी स्टँडकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“आलात? बसा. चहा मोजणी झाल्यावर घेऊ.”

“चालेल.”

“एकटेच कसे? टेप धरायला माणूस नाही आणलात?”

“आमचं काम एकट्याचंच असतं,” मी म्हटलं.

“आणि शेजाऱ्यांना नोटिसा गेल्या?”

“नोटिसा कशाला? पाच-दहा मिनिटं आवाज होईल, तेवढंच.”

“एका घराची दोन व्हायची म्हणजे आवाज होणारच हो,” अण्णा म्हणाले आणि फाइलची नाडी सोडायला लागले.

हे काय चाललंय ते मला कळेना. वाचणाऱ्यालाही कळत नसेल, म्हणून आधी माझा धंदा सांगतो.

रत्नागिरीत माझं स्टिरिओ दुरुस्तीचं दुकान आहे. रेडिओपासून सुरुवात केली, मग टेपरेकॉर्डर, मग सीडी प्लेअर आणि होम थिएटर. दोन हजारचं दशक संपत आलं तेव्हा मी मुंबईहून एक मेझरमेंट माईक मागवला. पेनाएवढा जाड, वीतभर लांब, टोकाला बारीक जाळी. हा गाण्याचा माईक नव्हे. गाण्याचा माईक आवाज जरा गोड करून देतो, हा जे असेल ते तसंच लॅपटॉपला कळवतो. यूएसबीची वायर सरळ लॅपटॉपला लावायची, स्पीकरमधून अगदी जाड घुमण्यापासून बारीक शिट्टीपर्यंत एक सलग आवाज सोडायचा, आणि कुठला सूर खोलीत किती जोरात वाजतो त्याचा ग्राफ पडद्यावर येतो. आवाज जाड की बारीक ते हर्ट्झमध्ये सांगतात. आकडा लहान तेवढा आवाज जाड. कानाने अंदाज करायचे दिवस संपले, असं मी तेव्हा दुकानात येईल त्याला ऐकवत असे. लोक ऐकून घेत आणि रिमोटचे सेल मागत.

मला बोलावणारे श्रीकांतराव हे अण्णांचे धाकटे भाऊ. मुंबईत बँकेत बत्तीस वर्षं नोकरी करून, रिटायर होऊन एकटेच गावी परत आले होते. लग्न केलेलं नव्हतं. घर भाट्याच्या खाडीपलीकडे, चिऱ्याचं, मध्ये एक भिंत. भिंतीच्या डावीकडे अण्णा आणि वहिनी, उजवीकडची खोली श्रीकांतरावांची. जेवण एकत्र. श्रीकांतरावांना पखवाज ऐकायचा नाद. मुंबईच्या ब्लॉकमध्ये आवाज मोठा करता आला नाही, म्हणून इथे आल्यावर त्यांनी सगळी हौस भागवली. अ‍ॅम्प्लिफायर, दोन स्पीकर, शिवाय सबवूफर, म्हणजे फक्त जाड आवाजाची वेगळी पेटी. एवढं करून महिन्याभरात ते तक्रार घेऊन दुकानात आले. “थाप लागतच नाही हो. नुसती टिचकी ऐकू येते.”

“बेसचं बटण वाढवून बघितलंत?”

“आणखी फिरत नाही इतकं फिरवलंय.”

मी महिनोन्महिने आज येतो, उद्या येतो करत राहिलो. शेवटी माईक आला तेव्हा वेळ काढला. श्रीकांतरावांच्या मोबाईलला तिथे रेंज नसे, म्हणून अण्णांच्या लँडलाइनवर फोन केला. वहिनींनी उचलला. मी काय बोललो ते मला शब्दन् शब्द पाठ आहे, कारण पुढे वहिनींनी ते मला तीनदा म्हणून दाखवलं. “श्रीकांतरावांना सांगा, उद्या दहाला मोजणीला येतो. मधल्या भिंतीपासून अंतरं घ्यावी लागतील. जमलं तर भिंतीच्या दोन्ही बाजूंचं बघू.” वहिनी “बरं” म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मेझरमेंटला मी मोजणी म्हणालो. शब्द काही चुकीचा नाही. पण आमच्याकडे मोजणी एकच. सरकारी माणूस येतो, हद्द कायम करतो, आणि बऱ्याचदा ती कुणा भावाने वाटणीसाठी मागितलेली असते. मी याच मातीत वाढलोय, मला हे कळायला हवं होतं. तेव्हापासून मी फोनवर ‘आवाज तपासायला येतो’ असं म्हणतो.

वहिनींनी निरोप श्रीकांतरावांना दिलाच नाही. अण्णांना दिला. त्यामुळे मी पोचलो तेव्हा श्रीकांतराव रोजच्यासारखे पेपर आणायला नाक्यावर गेले होते, आणि अण्णा फाइल घेऊन माझी वाट बघत होते.

“मला एकच सांगा,” अण्णा म्हणाले. “अर्ज कधी केलान त्याने?”

“कसला अर्ज?”

“मोजणीचा. माझं काही म्हणणं नाही, हां. त्याचा हक्क आहे. सातबारा, घरपट्टीच्या पावत्या, बाबांच्या वेळचा नकाशा, सगळं काढून ठेवलंय. त्याला आंब्याच्या कलमांकडची बाजू हवी असेल तर ती घेऊ दे. पण आधी मला सांगितलं असतंन तर बरं झालं असतं. कालच एका पंगतीला बसून जेवलो हो आम्ही.”

त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. एकेक कागद ते माझ्यापुढे ठेवत होते. काय झालंय ते माझ्या डोक्यात शिरलं. या माणसाचा भाऊ बत्तीस वर्षांनी घरी आला होता, आणि माझ्या एका फोनमुळे तो परत गमावला असं त्याला वाटत होतं.

मी तोंड उघडणार तेवढ्यात श्रीकांतराव फाटकातून आत आले. काखेत पेपर.

“अण्णा, सातबारा कशाला काढलायस?”

“तुला वेगळं व्हायचं होतं तर मला सांगायचंस, श्री. मोजणीवाला दारात आल्यावर कळायची वेळ आणलीस.”

“कोण वेगळं होतंय?”

“अहो, मी खोलीतला आवाज मोजायला आलोय,” मी म्हटलं आणि घाईघाईने डबीतून माईक काढून अण्णांच्या हातात दिला. “जमिनीशी माझा काही संबंध नाही. चूक माझी आहे. मी फोनवर नीट सांगितलं नाही.”

अण्णांनी चष्मा लावला. माईक उलटासुलटा करून पाहिला.

“याने मोजतात?”

“हो.”

“हद्द?”

“आवाज.”

वहिनी दारात येऊन उभ्या होत्या. “फोनवर मोजणी म्हणालात. मधली भिंत म्हणालात. दोन्ही बाजू म्हणालात,” त्या म्हणाल्या. मी मान खाली घातली.

श्रीकांतराव हसले नाहीत. अण्णांच्या शेजारी बाकावर बसले. पसरलेले कागद गोळा करून त्यांनी फाइलमध्ये घातले. “कालपासून हेच धरून बसलायस?”

“नाही रे,” अण्णा म्हणाले. “बराचसा वेळ फाइल शोधण्यात गेला.”

आता तिथून पळून जावं असं मला वाटत होतं, पण श्रीकांतराव म्हणाले, आलाच आहात तर काम करून जा. मी खोलीत गेलो. खोली मधल्या भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत बरोबर दहा फूट. श्रीकांतरावांची खुर्ची मधोमध. सबवूफर मधल्या भिंतीला अगदी चिकटून ठेवलेला. माईक स्टँडवर चढवला, खुर्चीत बसल्यावर कान येतात त्या उंचीला आणला आणि आवाज सोडला.

सुरुवातीला काहीच ऐकू येत नाही. मग घूं असा आवाज वर चढत जातो. तो थोडा चढला आणि भिंतीपलीकडून खडखडाट झाला.

“काय पडलं?” मी ओरडून विचारलं.

“काही नाही,” पलीकडून वहिनी म्हणाल्या. “फडताळातले डबे. दुपारी वाजतात ते.”

“दुपारी?” श्रीकांतराव पडवीत गेले. मीही मागोमाग गेलो. “अण्णा, कसले डबे?”

अण्णा फाइलची नाडी बांधत होते. “तू पखवाज लावतोस ना, तेव्हा जरा हलतात झाकणं.”

“रोज?”

“रोज कुठे लावतोस. गुरुवारी नसतं.”

“सहा महिने झाले मी हे घेऊन. तू एकदाही बोलला नाहीस?”

“बत्तीस वर्षांनी घरी आलास,” अण्णा म्हणाले. “आल्या आल्या तुला काय सांगू, आवाज हळू कर म्हणून? मुंबईत तेच ऐकत होतास की.”

मला अण्णांची फार माया वाटली आणि थोडा रागही आला. वाटणीचे कागद काढून ठेवायची तयारी, पण बटण कमी कर एवढं म्हणायची नाही.

ग्राफ पाहिला. छप्पन हर्ट्झला खोल खड्डा. पखवाजाची जाड थाप साधारण तिथेच येते. म्हणजे श्रीकांतरावांची तक्रार खरी होती. मग मला पलीकडचंही बघायचं होतं. यूएसबीची वायर पंधरा फुटांपुढे नीट चालत नाही, म्हणून लॅपटॉप पडवीत स्टुलावर ठेवला, माईकची वायर अण्णांच्या खिडकीतून आत घेतली आणि भिंतीलगतच्या त्यांच्या खाटेवर, उशीपाशी, माईक उभा केला. पुन्हा आवाज सोडला. पुन्हा डबे वाजले. दोन्ही ग्राफ एकावर एक लावले. दोघे भाऊ स्टुलाच्या दोन बाजूंना वाकून बघत होते.

“हा खड्डा कुणाचा?” अण्णांनी विचारलं.

“श्रीकांतरावांचा.”

“आणि त्याच जागी हा डोंगर?”

“तो तुमचा.”

वहिनींकडून पाण्याने भरलेलं घंगाळ मागून घेतलं. ते हळूच हलवलं. पाणी कडेला वरखाली होत होतं आणि मधोमध जवळपास जागच्या जागी होतं. बंद खोलीत आवाजाचं असंच होतं. लाट या भिंतीवरून त्या भिंतीवर जाते, परत येते, आणि खोलीच्या लांबीप्रमाणे एखादा सूर असा अडकून बसतो. दहा फुटांना तो छप्पनच्या आसपास येतो. भिंतीशी सगळा जोर, मधोमध काही नाही. खुर्ची मधोमध, म्हणून थाप लागत नाही. लागत नाही म्हणून श्रीकांतराव बटण वाढवतात. वाढवलेलं सगळं भिंतीशी जमा होतं. चिऱ्याची दीड फुटी भिंत साधं बोलणं अडवते, इतका जाड आवाज अडवत नाही, तो थेट अण्णांच्या उशीशी जातो. खुर्चीतला माणूस मात्र होता तिथेच.

“म्हणजे माझी थाप सहा महिने हा ऐकतोय,” श्रीकांतराव म्हणाले.

“चांगला वाजवतात हो,” अण्णा म्हणाले.

काम फार नव्हतं. सबवूफर मधल्या भिंतीपासून काढून बाजूच्या भिंतीच्या मध्यावर, खिडकीखाली आणला. तिथून तो अडकणारा सूर फारसा उठत नाही. खुर्ची दोन फूट मागे घेतली. बटण पाव भागावर आणलं. प्रत्येक बदलानंतर माईक लावून पाहिलं, एकूण पाच-सहा वेळा. खड्डा भरला, डोंगर बसला. श्रीकांतरावांनी त्यांची आवडती सीडी लावली, खुर्चीत बसले आणि थोड्या वेळाने डोळे मिटूनच म्हणाले, “लागली.” पलीकडे एक डबा वाजला नाही. मग चहा झाला, चहाबरोबर पोहे झाले, आणि वहिनींनी माझं फोनवरचं बोलणं आणखी दोनदा म्हणून दाखवलं. दुसऱ्यांदा स्वतःच हसल्या. मी दोन्ही ग्राफ सेव्ह केले आणि पुढचे पंधरा दिवस दुकानात येईल त्याला दाखवले. इतकं साफ काम माझ्या हातून क्वचितच झालं होतं.

पुढच्या महिन्यात एका सकाळी अण्णा दुकानात आले. बाजाराची पिशवी काउंटरवर ठेवून उभेच राहिले.

“काही बिघडलं का?” मी विचारलं.

“छे. डबे एकदम गप्प. ही खूश, तो खूश.”

“मग?”

“मी दुपारी जेवून आडवा होतो,” अण्णा म्हणाले. “आधी कसं, थाप सुरू झाली की कळायचं, हा घरात आहे. मग मला झोप लागायची. आता काही कळतच नाही. दोनदा उठून पडवीतून डोकावून आलो. ती पेटी थोडी भिंतीकडे घेता येईल? थोडीच. आणि श्रीला सांगू नका, मी आलो होतो ते.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चेकिंगच्या नावाखाली गेलो आणि श्रीकांतरावांना सगळं सांगून टाकलं. शब्द मोडला, पण त्या घरात न सांगितलेल्या गोष्टी आधीच पुष्कळ झाल्या होत्या. श्रीकांतराव ऐकत राहिले. मग उठले, पखवाज लावला, वाकून स्वतःच दोन्ही हातांनी पेटी मधल्या भिंतीकडे सरकवायला लागले.

“किती?” त्यांनी मला विचारलं.

मला सांगता येईना. थाप कळेल आणि डबे वाजणार नाहीत इतकी, एवढंच माहीत होतं. माईक मी बॅगेतून काढलाच नाही.

“अण्णा,” श्रीकांतरावांनी भिंतीकडे तोंड करून हाक मारली, “येतंय का?”

पलीकडे खाट करकरली.

“अजून नाही,” अण्णा तिकडून ओरडले.

पेटी वीतभर सरकली.

“आता?”

“हां. तिथेच राहू दे.”

मी फरशीवर खडूने खूण केली आणि निघालो. तेव्हापासून नवीन गिऱ्हाईक आलं की भिंतीपलीकडे कोण राहतं ते आधी विचारतो. आणि जमलं तर पलीकडे जाऊन, त्यांना आवाज किती हवाय तेही विचारतो.