जोडीच्या नाचाची तालीम

नगरच्या सावेडीत एका मेडिकलच्या दुकानावरच्या हॉलमध्ये मी नाच शिकवते. संध्याकाळी बायकांची बॅच असते. त्यांना ओळीतला नाच आवडतो. सगळ्यांनी एकाच भिंतीकडे तोंड करायचं, उजवा पाय बाजूला, डावा त्याच्या मागून, पुन्हा उजवा, आणि डावा नुसता टेकवायचा. मग तसंच उलट दिशेनं. शेवटी वळून पुढच्या भिंतीकडे तोंड. चुकलं तर शेजारणीकडे बघून सावरता येतं. लग्नसराईत मात्र जोड्या येतात. हल्ली गावाकडच्या लग्नांतही संगीत ठेवतात.

काही वर्षांपूर्वी अशीच एक जोडी आली. मुलगी काष्टी गावची, बागायतदार घरातली, नगरला बी.एड. करत होती. मुलगा पुण्यात नोकरीला, फक्त रविवारी यायचा. देखणा आणि बोलायला अदबशीर. आठवडाभर ती एकटीच असायची, म्हणून मी तिला बायकांच्या ओळीत उभं केलं. पावलं ती बघता बघता उचलायची. पण रविवारी तो आला की तीच पावलं तिला जमेनात. गिरकी घेण्याआधी खांदे आखडून जायचे. मला वाटलं, लाजत असेल.

एका रविवारी मी त्याला म्हटलं, "तुम्ही माझ्याबरोबर करा, तिला बघू दे. हात सैल ठेवा. गिरकी घेताना समोरच्याची बोटं तुमच्या हातात फिरली पाहिजेत."

"हो मॅडम," तो हसून म्हणाला.

गिरकीची वेळ आली आणि त्यानं माझी बोटं आवळली. अंगठा हाताच्या पाठीवर असा रुतवला की कळ थेट कोपरापर्यंत गेली. मला वळताच येईना. त्याच्या चेहऱ्यावर तेच हसू होतं.

"तुमचंच चुकलं, मॅडम," तो हळूच म्हणाला.

फोन आला म्हणून तो खाली गेला. मी हात चोळत होते. मुलगी जवळ आली.

"तुमालाबी दाबलं ना?"

मी मान हलवली. ती कितीतरी वेळ माझ्या हाताकडे बघत राहिली.

"मला वाटायचं, माझंच चुकतंय म्हणून होतंय."

सुपारी फुटल्यापासून हे चालू होतं. फोन उचलायला उशीर झाला, मैत्रिणीबरोबर कुठं गेली, की पुढच्या भेटीत दंडाला नाहीतर मनगटाला. आईला सांगून बघितलं होतं. आई म्हणाली, लग्नाआधी पोरींच्या मनात असं काहीबाही येतंच.

"पुढच्या रविवारी आईला घेऊन ये," मी म्हटलं. "नाच बघायला म्हणून."

आई आली. पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीत बसली. तो तिच्या पाया पडला. गाणं सुरू झालं. मुलगी त्या दिवशी एकही पाऊल चुकत नव्हती, आणि आई कौतुकानं बघत होती. मग मी मध्येच ठरलेली गिरकी बदलून दुसरी सांगितली. ती चुकणार हे मला ठाऊक होतं. ती चुकली. तो आईकडे बघून हसला, आणि त्याची मूठ आवळली गेली. मुलीचं तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही.

आई उठून उभी राहिली.

"गानं बंद करा, बाई."

मी बंद केलं.

"हात सोड तिचा."

"काय झालं, आई?"

"सोड म्हनलं न्हवं."

त्यानं सोडला, पण लगेच नाही. मग घड्याळ सारखं केलं आणि मला नमस्कार करून जिना उतरला.

पत्रिका छापून झाल्या होत्या, तरी लग्न मोडलं. पुढच्या रविवारी बायकांचा नाच चालू असताना तो दारात येऊन उभा राहिला.  वळून दाराच्या भिंतीकडे तोंड झालं की समोर तो दिसायचा, आणि ओळच्या ओळ पावलं चुकायची. गाणं संपल्यावर मी दाराशी गेले.

"रोज असतो क्लास?" त्यानं विचारलं.

"हो."

"आणि कुलूप तुम्ही एकट्याच लावता?"

उत्तराची वाट न बघता तो गेला. त्या दिवसापासून माझे मिस्टर मला घ्यायला येऊ लागले. मुलीचा अधूनमधून फोन येतो. ती आता एका शाळेत शिकवते.

यंदा दिवाळीनंतर एका अनोळखी बाईंचा फोन आला. त्यांनी त्याचं नाव घेतलं. धाकट्या बहिणीसाठी स्थळ आलं होतं. "तुमच्याकडे नाच शिकायला यायचे म्हणे. मुलगा कसा आहे?"

मी घडलं ते सगळं सांगितलं. माझ्या हाताचं, त्या मुलीचं आणि दारात उभं राहिल्याचंही.  पलीकडे मागे कुणीतरी मुलगी गुणगुणत होती.

"हात दाबला, एवढंच ना?" बाई म्हणाल्या.

मी काही बोलायच्या आत त्यांनी फोन ठेवला.