रंगूनवालीच्या तिखट शेवया

माझी बायको रांधताना कधी चाखत नव्हती. वास घ्यायची. झाकण काढायचं, नाक पुढं करायचं, झाकण ठेवून द्यायचं. "झालं" म्हणाली की झालं. मीठ कमी पडल्याचं मला आठवत नाही. गावात तिला नावानं कोणी बोलावलं नाही. ती रंगूनवाली. मीही तसंच बोलवायचो, ती ओ द्यायची.

तिचा बाप मूळचा पांढुरण्याचा. रंगूनला लाकडाच्या वखारीत मुनीम होता. ती तिथंच वाढली. लढाईत बॉम्ब पडले तेव्हा ही माणसं रानातून चालत परत आली. तिची आई वाटेत गेली. मग ती पांढुरण्याला मामाकडे राहिली, आणि स्वराज्य आलं त्याच साली लग्न होऊन रामाकोन्याला आमच्या घरी आली. भांडीकुंडी आणली नाहीत. रांधणं तेवढं आणलं. शेजारची ब्रह्मी बाई, चाळीतली मद्रासी बाई, वाटेवरच्या छावणीत चुलीला चूल लावून बसलेली कोणी. ज्या त्या बाईचं काही ना काही तिच्या हातात होतं. "सामान तर वाटेतच फेकलं," म्हणायची. "हे काही जड नव्हतं."

आमच्याकडे शेवया म्हणजे दूध आणि गूळ. तिनं पहिल्यांदा तिखट शेवया केल्या, खोबऱ्याच्या रश्शात, बेसन लावून. बाबांनी ताटात शेवया पाहिल्या आणि सवयीनं दूध-गूळ मागितला. मायनं दिला. बाबांनी तो त्या लाल रश्शात कालवला.

"काहून हो, कसं लागून राहिलं?" मायनं विचारलं.

"सून नवी हाय," बाबा म्हणाले आणि ताट पुसून खाल्लं. पुढच्या वेळी ताटावर बसतानाच मायला म्हणाले, "दूध नको आणू."

माझी बहीण जना तेव्हा घरीच होती, लग्न व्हायचं होतं. ती म्हणायची, "वहिनी, हा रंगूनचा लगदा ढोराले घाल." रंगूनवाली म्हणायची, "ढोरं तुझ्यावाणी दोनदा मागत नाहीत, जनाबाई."

भाद्रपदात संत्र्याच्या झाडांखाली हिरवी फळं गळून पडतात. आम्ही ती बांधापलीकडे फेकायचो. ती पदरात भरून आणायची. रंगूनला म्हणे या शेवयांवर लिंबू पिळतात. ती हे गळून पडलेलं संत्रं पिळायची. फळं झाडावर पिकली की मग करायची नाही. म्हणायची, "गोड झालं, आता कामाचं नाही."

पुढं राज्यं बदलली. नागपूर तिकडं मराठी मुलखात गेलं, आम्ही इकडं हिंदी राज्यातच राहिलो. राजधानी आता भोपाळ, ते आमच्यात कोणी पाहिलं नव्हतं. सौसरच्या बाजारात, पारावर, जिथं तिथं तेच बोलणं. मी घरी आलो आणि ताटावर बसलो, पण हात चालेना. म्हटलं, आपला देशच बदलून टाकला या लोकांनी.

"चालत जा असं तर नाही म्हटलं ना कोणी?" ती म्हणाली. "मंग जेवा."

ती गेली त्याला आता वर्ष उलटलं. साधा ताप होता. मला रडू आलं नाही, अजून आलेलं नाही. दोन वेळा जेवतो, पोट भरतं. खीर आणि वरण तोंडाला सारखंच लागतं. सून विचारते, "मामाजी, कसं झालं?" मी चांगलं म्हणतो.

या भाद्रपदात तिचं पहिलं पित्र. सवाष्ण गेलेल्या बाईचं पान नवमीला वाढतात. सुनेनं कढी, वडे, खीर, सगळं रीतीचं केलं. मी म्हटलं, तिच्या शेवया पाहिजेत. सून म्हणाली, "सासूबाईंनी मले त्या कधी करूच दिल्या नाहीत. पाहिलं तेवढंच येते." तरी केल्या. पित्राचं पान वाढण्याआधी चाखता येत नाही. तिनं शेवयांचा गंज माझ्यापुढं आणला आणि झाकण काढलं.

"तसंच झालं का, मामाजी?"

वाफ तोंडावर आली. वास काही आला नाही. हो म्हणणं सोपं होतं. पण मी हो म्हटलं असतं तर जे काही त्या गंजात होतं तेच पुढं तिचं म्हणून घरात चाललं असतं. मी म्हटलं, "मले समजत नाही."

जना पित्रासाठी मोहगावहून आली होती. आता ती म्हातारी, दात गेलेले. गुडघे धरत उठली, गंजाजवळ आली आणि नाक पुढं केलं.

"संत्रं कुठं हाय?"

"तू तर याले लगदा म्हणत होती," मी म्हटलं.

"म्हणत होती. खात नव्हती का? जा, घेऊन ये."

मी बागेत गेलो. ओल्या मातीत फळं पडलीच होती. घट्ट होतं ते उचललं, सदऱ्याला पुसलं, घरी येऊन गंजात पिळलं. जनानं पुन्हा वास घेतला.

"झालं," म्हणाली.

सुनेनं पान वाढून बाहेर ठेवलं. मग आम्ही बसलो. मी पहिला घास घेतला. तिखट होतं की नव्हतं, सांगता येत नाही. दात आंबले. एवढं मात्र समजलं.