बॉनेटवरचा हार

आज खंडेनवमी. स्कूटर पुसून हार बांधायला घेतला आणि झेंडूच्या उग्र वासाने दादाची जपानी स्टेशन वॅगन आठवली. ती त्याने आफ्रिकेहून आणली होती आणि वाघोडियाच्या गॅरेजात इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या टर्बोचा दाब वाढवून घेतला होता. बाबांची अट होती, एकदा जरी वाटेत दगा दिला तरी विकायची. त्या खंडेनवमीला पूजा करून आम्ही तिघे पादरा गावाच्या रस्त्याला लागलो. एका टेम्पोला मागे टाकताना गाडीचा जोरच गेला, इंजिन खडखडू लागलं, आणि समोरून ट्रक येत होता. दादाने कशीबशी ती कडेला घेतली. "झाली हौस? उद्या गिऱ्हाईक बघ," मागून बाबा म्हणाले.  मी उतरून पुढे गेले. टर्बोची हवा गार राहावी म्हणून बॉनेटवर जे भोक होतं, त्यातच मी सकाळी जाडजूड हार कोंबला होता, उडू नये म्हणून. "बाबा, हाराने हवा अडली नि तापली. चूक गाडीची नाही, माझी आहे," मी सांगितलं. "काढ तो, आणि तू चालव," बाबा दादाला म्हणाले.  घर येईपर्यंत आम्ही सगळे इंजिनच ऐकत होतो. ते खडखडलं नाही. बाबा उतरले आणि गिऱ्हाइकाचं नाव न काढता आत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी दसऱ्याचा हार मी मागच्या वायपरला बांधला.