एका नंबरावरचे अकरा अर्ज

"एकाच नंबरावर अकरा अर्ज? बोगस असणार. उडवून टाक," साहेब माझ्या शेजारी बसणाऱ्या सीनियरला म्हणाले.

"अख्खं केळशी गाव एकाच मोबाइलवर बोलतं वाटतं," तो हसला.

अर्ज खलाशांच्या ओळखपत्राचे होते आणि मुदत त्याच संध्याकाळी पाचला संपत होती. आमच्या वेबसाइटने ते अवैध ठरवले होते. खलाशी समुद्रावर असतात, म्हणून सगळे तांडेलाच्या, म्हणजे बोटीच्या प्रमुखाच्या, घरचा नंबर देतात. तांडेलाच्या बायकोने मला सकाळपासून तीनदा फोनवर हे सांगितलं होतं, आणि मी तिन्ही वेळा "बघते" म्हणाले होते.

गेल्या आठवड्यात मी प्रत्येक फॉर्मचे तपासणीचे नियम एकाच सामाईक कॉन्फिग फाइलमध्ये आणले. एका नंबरावर एकच माणूस, हा लॉगिनचा नियम तेव्हा खलाशांच्या फॉर्मलाही लागला. दुपारभर मी तो घोळ गुपचूप सोडवत होते, पण एक फॉर्म सुटला की दुसरे दोन अडकत होते. साडेचार वाजले होते. मराठी माझी मातृभाषा नाही, त्यामुळे चारचौघांत मी बोलायचं टाळते.

सीनियरने उडवण्यासाठी अकराही अर्ज निवडले.

"थांबा," मी म्हणाले. "ते अर्ज खरे आहेत. नियम मी चुकीच्या ठिकाणी लावलाय."