वेचणीच्या गाण्यांची टेप

माझी आत्या घनसावंगीजवळ राहायची. कापूस वेचताना ती गाणी म्हणायची. मी शाळेत असताना रेडिओ केंद्राच्या लोकांनी वावरात येऊन ती टेप करून नेली. रेडिओवर लागली त्या संध्याकाळी अर्धी गल्ली अंगणात जमली, आत्या मात्र चुलीपुढून उठली नाही. स्वतःचा आवाज ऐकायची तिला लाज वाटत होती.

पुढं तिला घशाचा कॅन्सर झाला. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढलं. जीव वाचला, आवाज गेला. तपासणीला जालन्याला आली की ती माझ्याकडं उतरायची. हातवारे करून बोलायची आणि मला कळलं नाही की चिडायची.

मी तेव्हा एमआयडीसीतल्या एका बियाणं कंपनीत कॉम्प्युटरचं काम बघत होते. इंटरनेटवर वाचलं, की परदेशातल्या एका सरकारी रेडिओनं आपले कार्यक्रम बाहेरच्या प्रोग्रामरांना खुले केलेत. घ्या आणि सुचेल ते बनवा. सुट्टीच्या दिवशी बसून मी एक वेबपान बनवलं. गाण्याचा प्रकार टाकला, की त्या रेडिओवरची तशी गाणी वाजायची.

आत्या आली तेव्हा लावून दाखवलं. कुठल्यातरी देशातली बाई पीक कापताना गात होती. आत्यानं डोळे मिटून सगळं ऐकलं. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि स्क्रीनकडं दाखवलं.

“तुझी गाणी? केंद्रावर असतील की. विचारून येते मी.”

केंद्रावर निवृत्तीला आलेले एक साहेब भेटले. त्यांनी टेपांची खोली उघडून बराच वेळ शोधलं.

“न्हाई बाई. तेव्हा टेपा कमी पडायच्या. कार्यक्रम झाला की पुसून त्याच्यावरच दुसरं भरायचो.”

मी त्यांना परदेशातल्या त्या रेडिओचं सांगितलं. ते म्हणाले, “खुलं करायला आधी ठेवलेलं असावं लागतं.” मग हळूच म्हणाले, “काही मीच पुसल्यात.”

घरी आत्या दारातच उभी होती. मी सरळ सांगून टाकलं. तिनं बोट गोल फिरवून विचारलं, मंग त्याच्यावर काय भरलं?

“काय माहीत. बाजारभाव असतील.”

तिचे खांदे हलायला लागले. हसतेय असं मला वाटलं. जवळ गेले तर ती रडत होती.

दुसऱ्या दिवशी तिनं मला कॉम्प्युटरपुढं बसवलं आणि नुसते ओठ हलवत गाणी म्हणायला लागली. मी ओठांवरून शब्द ओळखून टाइप करत गेले. चुकलं की मांडीवर चापट बसायची. शब्द बरेच मिळाले. चाल मला अर्धीमुर्धी आठवत होती. गुणगुणून दाखवली की ती मान हलवायची, अशी न्हाई.

पुढच्या उन्हाळ्यात आत्या गेली. गाण्यांचे शब्द मी इंटरनेटवर टाकले, कुणालाही घेता येतील असे. चाल येत असेल तर कळवा, असं खाली लिहिलं. अजून कुणी कळवलेलं नाही.