निळ्या धाग्याची बरणी

कारंज्याला हायवेवर गोदाम आहे. तिथला तो माणूस मी एकदाच पाहिला. नाव विचारलं नाही.

माझी बायको बचत गटात आंब्याचं लोणचं घालायची. बरण्या ठेवायचं अन् गिऱ्हाइकाला पाठवायचं काम गटानं या गोदामाला दिलं होतं. ती गेली तेव्हा घरात एक फोड उरली नव्हती. तिच्या हातचं जे होतं ते तिथंच. म्हणून आमच्या रोहण्याहून तिथं गेलतो.

तो माणूस खोकी बंद करत होता. चिकटपट्टी लावली की अंगठ्यानं दाबायचा, मग निजलेल्या लेकराला थोपटावं तसं खोक्याला थोपटायचा. प्रत्येक खोक्याला. मला तो येडाच वाटला.

मी म्हटलं, "बायकोच्या हातचं लोणचं आहे. एक बरणी दे. ती बरणीला निळा धागा बांधायची."

त्यानं बरणी शोधून काढली, पण दिली नाही.

"हातात देता येत नाई, बाबाजी. इथून माल पत्त्यावरच जाते."

"माझ्याच घरचं हाय नं बे."

"मंग घरीच पाठवतो नं. तुमी गिऱ्हाईक व्हा. ही बरणी बाजूले ठेवतो."

मला फोनवर मागवणं जमत नाही. माझ्या फोनवरून त्यानंच मागवलं. मी शिव्या देत घरी आलो.

पुढच्या आठवड्यात खोकं आलं. वर गोदामाचं नाव, माझं नाव. तिचं कुठंच नाही. चिकटपट्टी अशी दाबलेली की उघडायला विळाच लागला. आत बरणीला निळा धागा होता.

जेवताना फोड खाल्ली. मीठ जास्तच होतं, नेहमीसारखं. ती असती तर तिला बोललो असतो.